अकोटची फरशी

१

अमरावतीच्या कोर्टात उभी हयात घालवलेल्या हेमचंद्ररावांना कुणी फसवू शकत नाही, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मुख्यतः ते स्वतः. पण ते खोटं नव्हतं हो. भाजीवालीपासून बिल्डरपर्यंत जो कुणी त्यांच्याशी घासाघीस करायला बसला, तो घाम पुसतच उठला. त्यामुळे मागच्या अंगणात फरशी घालायचं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा ती स्वस्तात मिळणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

कारण मात्र साधं नव्हतं. गेल्या भादव्यात त्यांची बायको चारुशीला मागच्या दोरीवरचे कपडे काढायला अंगणात उतरली आणि तिचा पाय सटकला. वऱ्हाडातली काळी माती ती! भिजली की साबण, वाळली की भेगा. खुब्याचं हाड मोडलं. सळई बसली, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, आता चालायला हवं, नाहीतर पाय कायमचा आखडेल. ती वॉकर धरून, उजवा पाय फरफटत घरातल्या घरात चालायची. पण स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी आली की थांबायची. बाहेर एकच पायरी. ती एक पायरी म्हणजे तिला डोंगरकडा झाली होती.

"अगं, मी हात देतो ना!" हेमचंद्रराव म्हणत.

"तुम्ही? वकीलसाहेब, तुमचा एक हात फोनवर आणि दुसरा मिशीवर. मला द्यायला तिसरा कुठून आणणार?"

शाळेत विज्ञान शिकवून शिकवून तिची जीभ अशी धारदार झाली होती. 'वकीलसाहेब' ही हाक तिची थट्टेची. रोज दहादा तरी मारायची. पण एका दुपारी हेमचंद्रराव न सांगता लवकर घरी आले, तर ती त्या दारात उभी. समोर रिकामी दोरी. तोंडाला पदर लावून ती रडत होती. ते तसेच पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसून राहिले. तीस वर्षांच्या संसारात तिला असं रडताना त्यांनी पाहिलं नव्हतं. काळजाचं पाणी झालं त्यांच्या. ही बाई त्या अंगणात पुन्हा चालली पाहिजे, बस. दुसरं काही नको.

मग सुरू झाली फरशीची शोधाशोध. सिमेंटचे गट्टू पाहिले, पण गट्टूंच्या फटीत वॉकरचा पाय अडकला तर? टाइल्स पाहिल्या, ओल्या झाल्या की मातीपेक्षा वाईट. नवी दगडी फरशी मनात भरली, पण भाव ऐकून हेमचंद्ररावांनी दुकानदाराला असा काही कायदा शिकवला की त्यानं चहासुद्धा विचारला नाही. शेवटी शेषराव मिस्त्रीचा फोन आला. हा शेषराव बोलघेवडा आणि कामात धसमुसळा, पण याला सगळ्या गावांतली पाडापाडी ठाऊक.

"सायेब, अकोटले एक घर पाडून राहिले. अंगणात काळ्या दगडाची जुनी फरशी हाय. पाय टेकला का चिकटते, घसरून पडाची भीतीच नाई. मातीमोल जाऊन राहिली. उद्याच चाला."

२

वलगाव, दर्यापूर करत दोघं टेम्पो घेऊन अकोटला पोचले. घर मोकळं होत आलं होतं. दारं काढून भिंतीला टेकवली होती. आत सतरंजीवर चार माणसं गप्प बसलेली, कोपऱ्यात पिठावर दिवा तेवत होता, आणि घरातल्या मुलाचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. हेमचंद्ररावांना सगळं एका नजरेत कळलं. सुतक होतं.

प्रतीक्षा नावाची घरातली मुलगी बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. "आई गेली काका, परवा. गोदाबाई म्हणून सगळं गाव ओळखायचं. प्लॉटचा व्यवहार आधीच झालाय, मशीन उद्या येणार. फरशी न्यायची तर आजच न्या. खरं म्हणजे असं सुतकात..."

दुसरा कुणी असता तर नमस्कार करून परत फिरला असता. पण हेमचंद्ररावांच्या डोळ्यांपुढे ती रिकामी दोरी होती. शिवाय समोरच्याला घाई असली की भाव कसा उतरतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "बाळ, सुतक माणसांना असतं," ते मऊ आवाजात म्हणाले. "दगडाला कसलं सुतक?"

भाव ठरला. वकिलांना मनातून किंचित लाज वाटेल इतका तो कमी होता.

फरशी मात्र देखणी. वर्षानुवर्षं सडा घालून, झाडून काळीभोर झालेली. "आई रोज संध्याकाळी इथे फेऱ्या मारायची," प्रतीक्षा म्हणाली. "आम्ही किती सांगितलं, चल पुण्याला. म्हणायची, माझं अंगण सोडून मी कुठे जाणार नाही." मग ती आत गेली.

शेषरावची माणसं भराभर फरश्या उपसू लागली. कोपऱ्यात कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी फरशीवर पांढऱ्या फडक्याचं एक छोटं गाठोडं होतं.

"हे का हाय, सायेब?"

हेमचंद्रराव फोनवर होते. त्यांनी न बघताच हात हलवला. "सगळं टाक टेम्पोत. तिथलं काही ठेवू नकोस."

३

दोन दिवसांत अंगण तयार झालं. माती खणून मुरूम भरला, त्यावर दगडाची चुरी, त्यावर फरशी. शेषरावनं फरश्या हाताला येतील तशा लावल्या, उलटसुलट. एकच त्रास झाला. पायरीपासून चौथी फरशी काही केल्या बसेना. पाय पडला की डुले आणि आवाज येई, ठक्.

"हिले आत्ता गप्प करतो," म्हणून शेषराव टेम्पोतल्या कचऱ्यात काहीतरी शोधून आला, सब्बलीनं फरशी उचलली, कोपऱ्याखाली एक गोल गोटा सारला आणि वरून दणादण ठोकलं. फरशी गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्ररावांनी स्वतः पाइपनं अंगणावर पाणी मारलं. सांधे पक्के व्हायला ते लागतंच. मग दारात खुर्ची टाकून आपली कमाई न्याहाळत बसले. कोवळं ऊन होतं. ओली फरशी हळूहळू वाळू लागली.

आणि वाळताना पावलं उमटली.

म्हणजे ओली पावलं नव्हेत. सगळी फरशी ओली, आणि तिच्यात पावलांएवढे तुकडे आधी कोरडे झाले. लहान पावलं, बाईची. बोटं फाकलेली, टाच रुंद. मागच्या भिंतीपासून पायरीपर्यंत आलेली आणि वळून परत गेलेली. पाहता पाहता उरलेलं पाणी सुकलं आणि पावलं त्यात मिटली.

हेमचंद्रराव हसले. साध्या माणसाची बोबडी वळली असती, पण इथे साक्ष तपासणारा माणूस होता. ती म्हातारी रोज फेऱ्या मारायची ना? एकाच वाटेनं चालून चालून दगड गुळगुळीत झाला असणार. गुळगुळीत दगडावर पाणी ठरत नाही, लवकर वाळतं. संपला विषय!

समाधानानं त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवताना मात्र त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. वाट झिजली होती ती अकोटला. इथे फरश्या उलटसुलट लावल्या होत्या. इकडची तिकडे, तिकडची इकडे. मग ती वाट अशी एका ओळीत कशी जुळली?

"जुळते एखादवेळी," ते मोठ्यानं म्हणाले.

"काय जुळतं?" आतून चारुशीलानं विचारलं.

"काही नाही गं."

४

आणि चारुशीला चालली! तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

कोर्टातून दुपारी आले, तर स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं. पायरीपाशी वॉकर नुसता उभा. चारुशीला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. उजवा पाय ओढत, पण चालत होती. हातातली बॅग खाली ठेवायचंही हेमचंद्ररावांना सुचलं नाही.

ती अगदी कडेनं चालत होती. इतकं रुंद अंगण, पण तिचा पदर कढीपत्त्याला घासत होता. अंगणाच्या बाजूचा हात कोपरात वाकवून तिनं किंचित उचलून धरला होता.

"कशी उतरलीस गं पायरी?"

"हात धरून."

"कुणाचा?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या उचललेल्या हाताकडे पाहिलं. "भिंतीचा हो. अजून कुणाचा?"

पण भिंत दुसऱ्या हाताला होती, उचललेला हात मोकळ्या अंगणाकडे. हेमचंद्ररावांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. अहो, ज्या बाईला महिनोन्महिने पायरी उतरवेना, ती आज चालतेय. तिची उलटतपासणी घ्यायची का?

त्यानंतर ती रोज चालू लागली. सकाळी आणि दिवेलागणीला. पाय ओढणं दिवसागणिक कमी होऊ लागलं. हेमचंद्ररावांनी बाररूममध्ये फरशीचं इतकं कौतुक केलं की दोघातिघांनी शेषरावचा नंबर मागून घेतला. घरी मात्र एक गोष्ट त्यांना खटकली. दोन दिवसांत तिनं त्यांना एकदाही 'वकीलसाहेब' म्हटलं नव्हतं. आनंदात राहून गेलं असेल, असं त्यांनी ठरवलं. पाणी मारताना अंगण पाठीशी राहू नये म्हणून ते आता दाराला पाठ लावून उभे राहत. पाणी मारून झालं की फरशी वाळायच्या आत घरात येत. भीतीनं नव्हे. उगीच आपलं.

५

फोन प्रतीक्षाचा होता, सकाळी.

"काका, आज आईचा दहावा. एक विचारायचं होतं. कडुनिंबाखाली फडक्यात आम्ही आईचा अश्मा ठेवला होता. गाठोड्यात. फरशीबरोबर तुमच्याकडे तर नाही ना आला? दुसरा दगड घेऊन सगळे विधी केले, पण काका, कावळा पिंडाला शिवतच नाही. समोर बसलाय, येत नाही." ती रडायला लागली.

अश्मा. जीवखडा. ज्यानं स्मशानात मडकं फोडतात आणि ज्यात गेलेल्याचा जीव दहा दिवस धरून ठेवतात, तो दगड. 'हे का हाय, सायेब?' हा शेषरावचा प्रश्न हेमचंद्ररावांना आठवला. त्यांनी शेषरावला फोन लावला.

"शेषराव, त्या डुलणाऱ्या फरशीखाली कोणता गोटा घातलास?"

"थो होय? थो फडक्यातला! मस्त गोल होता नं. काहून, डुलून राहिली का पुन्हा?"

अंगणात चारुशीला चालत होती. आज पाय जवळजवळ ओढत नव्हता. हेमचंद्रराव दारात उभे राहून तिच्याकडे पाहत राहिले. दगड काढला आणि हिचं चालणं थांबलं तर? हा विचार त्यांनी केला, आणि केल्याची त्यांना लाजही वाटली. गुपचूप राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तिकडे एका मुलीची आई अडकून पडली होती. दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याचीच, एवढं तर ते जन्मभर कोर्टात सांगत आले होते.

त्यांनी सब्बल घेतली. फरशी उचलली, हात घालून गोटा बाहेर काढला. फरशीखाली, सावलीत, थंडीचे दिवस. दगड गार लागायला हवा होता. तो कोमट होता. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून आत्ताच दिल्यासारखा.

"कुठे नेता?" चारुशीला पलीकडून म्हणाली.

"अकोटला. ज्यांचा त्यांना देऊन येतो."

"या देऊन," ती शांतपणे म्हणाली. "मी आहे इथेच."

अकोटला दहाव्याच्या घाटावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अश्मा जागेवर ठेवला. सगळे मागे सरले. झाडावर कावळा होता. मान वाकडी करून बघायचा, पण हलायचा नाही.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, प्रतीक्षाला मी अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. गोदाबाईंच्या भावानं बोलून पाहिलं, जावेनं बोलून पाहिलं. प्रतीक्षा हुंदके देत म्हणाली, "तिला घर सोडायचं नव्हतं हो. ते तर आम्ही पाडलं. आता कशाचं वचन देऊ मी तिला?"

आता अशा वेळी हेमचंद्रराव गप्प राहतील? ते दोन पावलं पुढे झाले, हात जोडले आणि कोर्टात बोलत तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "गोदाबाई, तुमच्या अंगणाची फरशी माझ्याकडे आहे. मी ती जपीन. तुम्ही घराची काळजी करू नका. माझं घर आपलंच समजा."

जोडलेले हात सुटायच्या आत कावळा सपकन खाली आला आणि पिंडाला शिवला.

प्रतीक्षा त्यांच्या पाया पडली. गुरुजींनीही मान डोलावली. परतीच्या वाटेवर दर्यापूरला हेमचंद्ररावांनी गाडी थांबवून चहा घेतला, वर भजी खाल्ली. मोठी केस जिंकल्यावर खायचे तशी.

६

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बेल वाजवली आणि लगेच दार उघडलं. चारुशीला दारात. वॉकर नाही, काठी नाही.

"आलात? दमला असाल. या, आत या."

ती वळून चालू लागली. दोन्ही पावलं सरळ, सारखी. ओढणं नाही, अडखळणं नाही. हेमचंद्रराव पाहतच राहिले. "अगं, बरी झालीस की तू! माझी फरशी फळली बघ!"

ती हसली. त्यांना स्वयंपाकघरात खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी रंगवून रंगवून कावळ्याची गोष्ट सांगितली. ती नीट ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती. "फार चांगलं केलंत," एवढंच म्हणाली. ते वाट पाहत होते. आता म्हणेल, कावळ्यापुढेही वकिली केलीत का, वकीलसाहेब? ती नाही म्हणाली.

तिनं चहा ठेवला. मग गाळणी शोधू लागली. एक खण उघडला, दुसरा उघडला, फडताळातले डबे सरकवले. गाळणी नेहमीसारखी तिच्या डोळ्यांसमोर, खिळ्याला लटकत होती.

"ती काय तिथे," हेमचंद्रराव म्हणाले. आपला आवाज बारीक झाल्याचं त्यांना कळलं.

"हो की," ती म्हणाली. "सवय व्हायला वेळ लागतो."

आणि बाहेर अंगणात आवाज आला. सर्र... ठक्.

सकाळी दगड काढल्यावर फरशी तशीच सैल राहिली होती. चौथी, पायरीपासून. मांजर असेल. पण मांजराच्या वजनानं दगडी फरशी डुलते का? ते कान देऊन बसले. आवाज दूर भिंतीकडे गेला, तिथून वळला आणि परत येऊ लागला. एक पाऊल टेकायचं, दुसरं फरफटत यायचं. टेकायचं, फरफटत यायचं. हा आवाज त्यांनी सगळी दिवाळी घरात ऐकला होता. झोपेतसुद्धा त्यांनी तो ओळखला असता.

सर्र... ठक्.

ते उठले. मागच्या दाराशी गेले. अंगणावर कुणीतरी नुकताच सडा घातला होता. दिव्याच्या उजेडात ओली फरशी चकाकत होती, आणि तिच्यात कोरडी पावलं उमटत होती. डावं पूर्ण, रेखल्यासारखं. उजव्याच्या जागी लांबट ओरखडा. ती पावलं एकेक करत पायरीपर्यंत आली आणि थांबली. पायरीवर चढली नाहीत. चारुशीलाला त्या पायरीची भीती वाटायची.

"असे उभे का?" मागून मऊ आवाज आला. "बसा ना. संकोच करू नका. घर आपलंच समजा."

हेमचंद्रराव मागे वळले नाहीत. कारण पायरीखालून, अगदी जवळून, पण खोल आडातून यावी तशी बारीक हाक आली होती. थट्टा नव्हती आता तिच्यात.

"वकीलसाहेब, हात द्या हो."

त्यांनी वाकून हात दिला. जमेल तितका लांब केला, बोटं ताणली. त्या हाताला नुसता वारा लागला. मागे लोंबणारा दुसरा हात मात्र कुणीतरी धरला, घट्ट, मायेनं. बोटं कोमट होती.